वजनावर आवळलेला नट

१

मोजणीदार स्वतःच्याच गाडीखाली मेलेला सापडला, आणि ज्या जॅकवरून ती गाडी खाली आली तो जॅक माझा होता.

मंगळवारी दुपारी दोनच्या सुमारास शेजारच्या कंपाउंडरनं त्याच्या शेडचं दार ढकललं. मागचं उजवं चाक काढून भिंतीला टेकवलेलं होतं. जॅक आडवा पडलेला. गाडी उजव्या अंगावर बसलेली आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर आलेले. हातात सतरा-एकोणीसचा पाना होता, हे गाडी उचलल्यावर कळलं.

बुधवारी सकाळी मला चौकीत बोलावलं. तपास एका बाईंकडे होता. सगळे त्यांना मॅडम म्हणत, मीही म्हटलं. टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर माझा जॅक उभा केला होता.

"हा तुमचा?"

"माझा. बुडाशी तीन टिंबं ठोकलीत, बघा."

"तेल गळतंय याचं."

"जुना आहे, घाम येतो त्याला. पण खाली बसत नाही."

"माणूस गेलाय मिस्त्री. आणि तुम्ही म्हणताय बसत नाही."

मोजणीदाराची आणि माझी तीस वर्षांची ओळख. जन्मभर त्यानं दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या. नोकरी संपली तरी कानावरची पेन्सिल आणि खिशातला टेप सुटला नाही. माझ्या गॅरेजात चहाला आला तरी आधी बाक मोजायचा आणि म्हणायचा, "मिस्त्री, तुझा बाक अर्धा इंच तिरका आहे."

त्याची ती चौकोनी गाडी बनणं बंद होऊन वीस वर्षं झाली होती. तिच्या मागच्या शॉकअपचे बुश गेले होते. शॉकअपच्या टोकाला लोखंडी डोळा असतो, त्यात रबराची जाड कडी बसते आणि कडीतून बोल्ट जातो. त्या कडीला बुश म्हणतात. रबर झिजलं की खड्ड्याखड्ड्याला मागून कुणी हातोडी मारतंय असं वाटतं. मोजणीदार अकरा महिने बुश शोधत होता. त्याचा मेव्हणा, म्हणजे बायकोचा भाऊ, बाजारातल्या सगळ्यात मोठ्या स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरला. हजारो पार्टांचे नंबर त्याच्या तोंडात, म्हणून बाजार त्याला पाठांतर म्हणायचा. तो पहिल्या दिवसापासून सांगत होता, बुश बाजारात नाहीत, कंपनीनं साचाच मोडला.

मग एक दिवस मी एका छोट्या मालवाहू व्हॅनचा शॉकअप खोलला. बुश हातात घेतला आणि वाटलं, हे माप ओळखीचं आहे. व्हर्निअर लावला. आतून, बाहेरून, लांबीला, तिन्ही मापं तीच. रविवारी मी मोजणीदाराला चार बुश दिले. त्याचा जॅक मोडला होता, म्हणून माझा दिला.

बुश मी दिले, जॅक मी दिला. मग माणूसही मीच मारला का, एवढंच मला कळायला हवं होतं. गुन्हा माझ्यावर नोंदवतात की नाही, ही गोष्ट दुय्यम होती.

"मॅडम, एक करा," मी म्हटलं. "तुमची मोठी गाडी या जॅकवर चढवा. इथंच, माझ्यासमोर."

त्यांनी चढवली. दहा वाजल्यापासून पाचपर्यंत मी अंगणात उकिडवा बसलो होतो. जॅक केसभर खाली आला नाही.

मॅडम बाहेर येऊन बघून गेल्या. "जमीन कच्ची होती त्याच्या शेडची," त्या म्हणाल्या. "कलंडला असेल."

शेडची जमीन खरंच कच्ची होती. पण आत जाताना त्यांच्या फाइलीतला एक फोटो मला दिसला, आणि माझे पाय थांबले.

२

फोटो शेडचा होता. गाडीच्या डाव्या मागच्या चाकाखाली लाकडी ठोकळा होता.

"हे असंच होतं?"

"आम्ही काही हलवत नाही, मिस्त्री."

"मग चाकाखाली ठोकळा कशाला?"

"मला विचारताय? गाडी सरकू नये म्हणून असेल."

"सरकू नये म्हणून दगड चाकाला आडवा लावतात. चाक वर चढवून ठेवत नाहीत."

त्यांनी खांदे उडवले. मला तेव्हा पुरतं सांगता येईना. नुसतं टोचत होतं. मी तिथून निघालो आणि कंपाउंडरकडे गेलो.

कंपाउंडर दवाखान्यात रात्रीच्या पाळीला असतो, दिवसभर घरी. मोजणीदाराशी चार वर्षं त्याचं बोलणं नव्हतं. भांडण आवाजावरून.

"बोलत नव्हतास तर दार ढकलायला कशाला गेलास?" मी विचारलं.

"आवाज बंद झाला म्हणून. त्याचा आवाज चालू असला की डोकं उठायचं. बंद झाला की चैन पडायची नाही." तो ओशाळल्यासारखा हसला. "तुम्ही माझ्यावर संशय घेताय का?"

"मी स्वतःवर घेतोय. काय काय ऐकलंस ते ओळीनं सांग."

त्यानं डोळे मिटले. चार वर्षं शत्रूच्या आवाजाकडे कान लावून बसलेला माणूस, त्याच्याइतका चांगला साक्षीदार मिळायचा नाही. "नवापासून ठोकाठोक. साडेदहा-पावणेअकराला थांबली. अर्धा तास काही नाही. मग पुन्हा पाना वाजला, साडेअकरापर्यंत. मग शांत. बारा वाजून गेल्यावर जॅकची कचकच. मग धप्प."

"जॅकची कचकच शेवटी?"

"अगदी शेवटी."

"धप्प ऐकलंस आणि दोन तास बसून राहिलास?"

"तो रोज काहीतरी धप्प टाकायचा हो." त्याचा आवाज बारीक झाला. "मला काय माहीत."

"बोलणं? कुणाचा आवाज?"

"त्याचाच. बाराच्या सुमारास बोलत होता. पण तो गाडीशीही बोलायचा. भिंतीपलीकडचं मला दिसत नाही."

मी निघालो तेव्हा त्यानं मला फाटकापाशी गाठलं. "मिस्त्री, शेवटी जॅक वाजला याचा अर्थ काय?"

"अर्थ असा की काम उलट्या क्रमानं झालं," मी म्हटलं. "आणि तो माणूस आयुष्यात काही उलट्या क्रमानं करायचा नाही."

३

मोजणीदाराची लेक परगावाहून आली होती. तिनंच दार उघडलं. मेव्हणा आत सगळं बघत होता, माणसांना पाणी, फोन, कागद. तो तसा कामाचा माणूस.

"काका, जॅक तुमचा होता ना?" लेकीनं सरळ विचारलं.

"होता."

ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

"मिस्त्रींना काय बोलतेस, बाळ," मेव्हणा म्हणाला. "वस्तू झिजलेली, माणसंही झिजलेली. कुणी कुणाला काय म्हणायचं."

टोमणा मी गिळला. तो त्याचा हक्क होता. "बुश मिळाले, हे तुला कधी सांगितलं त्यानं?" मी विचारलं.

"सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर मीच येऊन बसवले असते."

"तू? कधी बसवलेस?"

"विकले हजारो. हात काळे करायला तुम्ही आहात की."

लेक वळली. तिचे डोळे कोरडे होते, तेच वाईट दिसत होतं. "सोमवारी मी फोनवर भांडले त्यांच्याशी. म्हटलं, विका ती गाडी. आई यायची नाही आता. ते म्हणाले, आली की याच गाडीतून घरी आणायची. सहा वर्षं हेच."

तिच्या आईची गोष्ट सगळ्या गल्लीला ठाऊक होती. सहा वर्षांपूर्वी मोजणीदार कामासाठी आठवडाभर बाहेर होता. परतला तर बायको नाही. मेव्हण्यानं सांगितलं, ताईनंच मला भाऊजींची गाडी काढायला लावली, स्टेशनवर सोड म्हणाली, मला शोधू नका म्हणाली. सज्ञान बाई आपणहून गेली, म्हणून चौकीनं कागद बंद केला. लोकांनी काय काय बोलायचं ते बोलून घेतलं. आई टाकून गेली, हे लेकीनं मान्य केलं. मोजणीदारानं केलं नाही.

"शुक्रवारी सकाळी भंगारवाला येतोय," मेव्हणा म्हणाला. "ती अवदसा एकदाची दाबून टाकू."

"गाडी चौकीत आहे ना?"

"सोडतायत. हिची सही झालीय. डिकीही रिकामी आहे, मी बघितलंय. मागं काही राहिलं नाही."

मी लेकीकडे पाहिलं. "तू सही केलीस?"

"तिनं बाबांना मारलं, काका. मी काय पूजा करू तिची?"

शुक्रवारला दीड दिवस उरला होता.

४

गुरुवारी सकाळी मी पुन्हा चौकीच्या अंगणात. सोबत सून होती. गॅरेजचं काम आता तीच बघते, माझ्यापेक्षा दोन पाने जास्त ओळखते आणि ते बोलून दाखवते.

"मामंजी, या वयात गाडीखाली शिरताय, आत अडकलात तर मी ओढणार नाही हं."

"बॅटरी धर आणि गप्प बस."

पोलिसांनी ओढून आणण्यासाठी काढलेलं चाक पुन्हा बसवलं होतं, त्यामुळे गाडी चारही चाकांवर उभी होती. मी पाठीवर सरकत मागच्या शॉकअपच्या खालच्या डोळ्यापर्यंत गेलो. नवे काळे बुश. आणि डोळ्यावरून, रबरावरून, बोल्टभोवतीच्या लोखंडी नळीवरून आणि नटावरून सरळ ओढलेली पांढऱ्या रंगाची बारीक रेघ. नट आवळून झाला की अशी रेघ ओढायला मीच त्याला शिकवलं होतं. नट ढिला झाला की रेघ मोडते आणि लगेच कळतं. मोजणीदाराला रेघ ओढायला निमित्तच हवं असायचं.

रेघ सरळ होती. मी दुसऱ्या बाजूला गेलो. तिथंही सरळ.

मी तसाच पडून राहिलो. सुनेनं माझ्या पायावर चापटी मारली. "आहात ना?"

"मॅडमना बोलाव," मी म्हटलं.

मॅडम आल्या. मी त्यांना वाकून बघायला लावलं, मग त्यांच्याच माणसांकडून गाडीचा मागचा भाग उचलून घेतला. चाकं लोंबली. रेघ मधेच मुरगळली, तिचे दोन तुकडे तिरके झाले. गाडी खाली घेतली. रेघ पुन्हा सरळ.

"यातून मी काय समजू?" त्यांनी विचारलं.

"बुशचं रबर आतल्या नळीला आणि बाहेरच्या डोळ्याला घट्ट धरून असतं. गाडी जॅकवर असताना नट आवळला आणि मग गाडी खाली घेतली, तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि दोन महिन्यांत फाटतं. म्हणून गाडी जॅकवर असताना नट नुसता हातानं लावायचा. चाक बसवायचं, जॅक काढायचा, गाडी स्वतःच्या वजनावर उभी करायची आणि मग खाली शिरून नट आवळायचा. खाली शिरायला जागा मिळावी म्हणून चाकांखाली ठोकळे. तो फोटोतला ठोकळा त्यासाठी होता."

त्या पुन्हा वाकून बघू लागल्या.

"रेघ गाडी उभी असताना सरळ आहे. म्हणजे दोन्ही नट त्यानं गाडी उभी असताना आवळले. हे या कामातलं शेवटचं काम, मॅडम. यानंतर हात धुवायचे. यानंतर त्या गाडीला जॅक लावायचं कारणच उरत नाही."

"आणि कंपाउंडर म्हणतो जॅक शेवटी वाजला."

"दोन्ही नट आवळून झाल्यावर. कुणीतरी पुन्हा चाक काढलं, पाना हातात दिला, काम अर्ध्यावर असल्याचं दाखवलं. त्याला एवढंच ठाऊक होतं की बुश बदलताना चाक काढतात आणि जॅक लावतात. काम कुठं संपतं ते ठाऊक नव्हतं."

मॅडम सरळ उभ्या राहिल्या. "तुमच्या डोक्यात कोण आहे ते मला कळतंय. पण मिस्त्री, तो म्हणेल मोजणीदाराला पुन्हा काही दिसलं असेल, पुन्हा जॅक लावला असेल. आणि मेव्हण्यानं मेव्हण्याला मारायचं कशासाठी? या खटाऱ्यासाठी?"

कशासाठी, ते मलाही माहीत नव्हतं. पण सून बॅटरी विझवत म्हणाली, "मामंजी, ते बुश पाठांतरला मिळाले नाहीत आणि तुम्हाला मिळाले, हे मला रविवारपासूनच पचलेलं नाही."

५

तिला त्या दुकानात कुणी ओळखत नव्हतं. आमचा माल दुसरीकडून येतो. अकरा वाजता ती गेली, पाऊण तासात परत आली आणि माझ्यापुढं दोन बुश ठेवले.

"काय विचारलंस?"

"सांगितलं, माझ्या वडिलांची जुनी चौकोनी गाडी आहे, मागच्या शॉकअपचे बुश हवेत, कुठंच मिळत नाहीत. पाठांतर आजही काउंटरला होता. तो मागं वळलासुद्धा नाही. हात मागं घातला, खणातून काढले. म्हणाला, त्या गाडीचे येत नाहीत ताई, पण या व्हॅनचे तंतोतंत बसतात, कितीतरी लोकांना दिलेत."

"असंच म्हणाला?"

"तंतोतंत. आणि वर म्हणाला, वडिलांना सांगा, अशा गाड्या आता जपायच्या."

मी ते बुश हातात फिरवत राहिलो. मला उगाच वाटलं होतं की मी काही मोठा शोध लावला. ते त्याच्या पाठीमागच्या खणात होते, अकरा महिने. अनोळखी बाईला जे एका दमात मिळालं ते बहिणीच्या नवऱ्याला त्यानं कधी दिलं नाही. म्हणजे गाडी मोडलेलीच राहावी असं त्याला वाटत नव्हतं, कारण गाडी चालतच होती, फक्त वाजत होती. हे बुश बदलले जाऊ नयेत, एवढंच त्याला हवं होतं.

"बुश बदलताना काय करावं लागतं?" मी मोठ्यानं म्हटलं.

"माझी परीक्षा घेताय का? चाक काढा. खालचा नट. वरचा नट."

"वरचा नट कुठून?"

"या गाडीचा? डिकीतून. मॅटिंग उचलून..." ती थांबली.

डिकी. बुधवारी मेव्हणा म्हणाला होता, डिकी रिकामी आहे, मी बघितलंय. पोलिसांनी गाडी मंगळवारी चारला ओढून नेली, तेव्हापासून डिकीची किल्ली मॅडमकडे. मेव्हणा बातमी कळून सहाला घरी आला, हे सगळ्या गल्लीनं पाहिलं. आणि मोजणीदाराची डिकी मी तीस वर्षांत कधी रिकामी पाहिली नव्हती. टेप, साखळी, खुंट्या, छत्री, सगळं तिथं. ती रिकामी झाली फक्त मंगळवारी सकाळी, मॅटिंग उचलण्यासाठी.

मी चपला घालत होतो तोवर चौकीतून सुनेच्या मोबाइलवर मॅडमचा फोन आला. भंगारवाला शुक्रवारची वाट न बघता आजच आला होता. गाडी दोराला बांधून झाली होती.

"बांधलेली राहू द्या," सुनेनं मलाच विचारल्यासारखं बघत फोनमध्ये सांगितलं, "पण हलवू देऊ नका. आम्ही निघालो."

६

मेव्हणा भंगारवाल्याच्या शेजारी उभा होता. मला बघून त्याच्या चेहऱ्यावर काही आलं नाही. सुनेला बघितलं, तिच्या हातातले बुश बघितले, आणि मग आलं.

मॅडमनी डिकी उघडायला सांगितली. काळी मॅटिंग, नवी नव्हती पण गाडीइतकी जुनीही नव्हती. कडा डिंकानं चिकटवलेल्या. दोन्ही बाजूंच्या कडा उचलून पुन्हा दाबलेल्या, तिथला डिंक अजून बोटाला लागत होता. सुनेनं पत्र्याची पातळ पट्टी घातली आणि मॅटिंग वर आली.

शॉकअपचा वरचा नट पत्र्याच्या एका खोलगट कोपऱ्यात असतो. उजवीकडच्या खळग्यात आणि त्याच्या मागच्या सांध्यात जुना तपकिरी डाग होता. वरचा पत्रा कुणीतरी कधीकाळी घासून धुतला होता, पण सांध्यात ब्रश पोचत नाही. मी गंज आयुष्यभर पाहिलाय. तो गंज नव्हता.

आणि डागाच्या वर, राखाडी रंगावर, बारीक पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. अंधारात ते दिसलंच नसतं, बॅटरी तिरकी धरल्यावर अक्षरं चमकली. मोजणीदाराचं अक्षर, नकाशावरच्यासारखं सुटं.

मॅडमनी वाचलं. "दहा चाळीस. डाग चौदा गुणिले नऊ इंच. चष्म्याची काडी, डावी. तार माझी."

भंगारवाल्यानं आपला दोर सोडायला सुरुवात केली.

"तार माझी म्हणजे?" मॅडमनी विचारलं.

"त्याच्या बायकोच्या चष्म्याची काडी मोडली होती," मी म्हटलं. "त्यानं तांब्याची तार गुंडाळून जोडून दिली होती. नवा चष्मा घे म्हटलं तर ती घेईना. आमच्याकडे यायची तेव्हा दाखवायची, बघा, मोजणीदारांची कारागिरी."

"काडी इथं नाही."

"नाही. ती ज्यानं नेली त्याला ती दिसली. पेन्सिल दिसली नाही."

मेव्हणा पळाला नाही. तो तिथंच पायरीवर बसला आणि म्हणाला, "ताई पडली होती. मी फक्त ढकललं होतं."

७

पुढचं त्यानं दोन दिवसांत सांगितलं. आईवडिलांच्या घराच्या कागदावर बहिणीची सही हवी होती, तिनं नाही म्हटलं. ढकललं, ती उंबऱ्यावर डोकं आपटून पडली. गावाबाहेरच्या बंद खाणीपर्यंत त्यानं तिला याच डिकीतून नेलं, डिकी धुतली, मॅटिंग चिकटवली आणि स्टेशनची गोष्ट रचली. मंगळवारी त्याला मोजणीदाराचा फोन आला, डिकीत काडी सापडलीय, ये आणि समजावून सांग. तो आला. मोजणीदार पाठमोरा असताना जॅकचा दांडा उचलला. बाकी मी सांगितलं तसंच.

"तुमचा जॅक निर्दोष सुटला, मिस्त्री," मॅडम म्हणाल्या.

"बुश मीच दिले होते," मी म्हटलं. त्यांनी चहा मागवला.

सोमवारी खाणीवर माणसं उतरली. लेक आली होती. मी तिच्यापासून चार हात लांब उभा राहिलो. तिला माझा हात हवा की नको, ते कळत नव्हतं. खाली दोर, शिड्या, आवाज. पाण्याचा पंप सुरू होता.

ती म्हणाली, "काका, मला एक सांगा. खरं सांगा. बाबांना कळलं होतं? जाताना त्यांना माहीत होतं, की आई सोडून गेली नव्हती?"

"माहीत होतं."

"मला बरं वाटावं म्हणून नका सांगू."

"त्यानं दहा चाळीसला लिहिलं. मग तुझ्या मामाला फोन लावला, तो मामाच्या मोबाइलच्या नोंदीत आहे. कंपाउंडर म्हणतो, अर्धा तास आवाज नव्हता. तो अर्धा तास तुझे वडील कसे बसले असतील ते मला सांगता येत नाही. पण त्यानंतर पुन्हा पाना वाजला. त्यांनी बुश बसवले, चाकं लावली, ठोकळ्यांवर गाडी उभी केली, दोन्ही नट वजनावर आवळले आणि रेघ ओढली. हात थरथरणाऱ्या माणसाची रेघ नव्हती ती. गाडी चौकीवर न्यायची होती त्यांना, डागासकट. वाटेत काही निघून पडू नये म्हणून काम पुरं केलं."

"साडेअकराला मला फोन आला होता," ती म्हणाली. "मी कापला. सोमवारच्या भांडणावरून पुन्हा सुरू करतील म्हणून. मॅडमना सांगितलं नाही मी. कुणालाच नाही."

साडेअकराला गाडी पुरी झाली होती. हात पुसून त्यानं पुढचा फोन कुणाला लावला ते मला आता कळत होतं, आणि तिला कळलं होतं त्याला सहा दिवस झाले होते.

"त्यांनी काय सांगितलं असतं, काका? कुठल्या शब्दांत?"

"तो थोडक्यात बोलायचा."

खाली पंप बंद झाला. कुणीतरी वर हात केला. मॅडम आमच्याकडे आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या की तुम्ही इथंच थांबा, ओळख आम्ही नंतर पटवून घेऊ.

"नाही," लेक म्हणाली. "मी येते. एकदा फोन कापलाय मी."

आणि ती त्यांच्या पुढं होऊन उतारावरून खाली चालू लागली, कुणाचा हात न धरता.